सीमेपलीकडील संसार

आपल्याकडे लग्न लागलें, कीं नवी नवरी माप ओलांडून घरांत येते. तें माप उंबरठ्यावर कोणीं ठेवावें, यावरून घरांतल्या बायकांत थोडी कुजबूज होते. पण नवरीनें आंत यावें कीं न यावें, हा प्रश्न त्या वेळीं कोणाच्या मनांतहि येत नाहीं. पति आणि पत्नी जर दोन निराळ्या राष्ट्रांचीं असतील, तर मात्र घराच्या उंबरठ्याआधीं आणखी एक उंबरठा लागतो. तो राष्ट्राचा. तेथें तांदळाचें माप नसतें. तेथें मेजामागें एक अधिकारी बसलेला असतो, आणि त्याच्या हातांत शिक्का असतो.

या दुसऱ्या उंबरठ्याचा युरोपांतील इतिहास आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे. मी कायद्याचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन गोव्यांतील एका प्राथमिक शाळेंत आयुष्य काढलेला मी एक मास्तर आहें, आणि हा विषय माझ्यापर्यंत आला तो माझ्या हाताखालून गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या पत्रांतून. त्याचे आजोबा पोर्तुगीज अमदानींत गोव्यांत जन्मले. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. पण त्यापूर्वीं तेथें जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुलानातवंडांना, लिस्बनच्या दप्तरांत नोंद करून पोर्तुगीज नागरिक होण्याची वाट पोर्तुगालच्या कायद्यानें मोकळी ठेवली होती. माझा हा विद्यार्थी त्या वाटेनें पोर्तुगीज झाला, आणि २०१३ सालीं इंग्लंडांतील स्विंडन या गांवीं एका वखारींत कामास लागला. स्विंडनला गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. त्याची बायको सावंतवाडीची. तिचा पासपोर्ट भारताचा. कांहीं महिन्यांतच ती त्याच्याकडे जाऊन पोहोंचली. परवान्यासाठीं तिला फी पडली नाहीं, आणि नवऱ्याचा पगार अमुक इतका असलाच पाहिजे, असेंहि तिला कोणीं सांगितलें नाहीं.

त्याच वखारींत त्याच्या शेजारीं काम करणारा एक जन्माचा इंग्रज होता. त्याची बायको फिलिपाईन्सची. तिला आणावयाचें, तर नवऱ्याची वर्षाची मिळकत निदान १८,६०० पौंड असावी, असा ब्रिटिश सरकारचा ९ जुलै २०१२ पासूनचा नियम होता. या गृहस्थाची मिळकत त्याहून थोडी कमी भरे. बायको मनिलाला आणि नवरा स्विंडनला, असा त्यांचा संसार चालला होता. माझ्या विद्यार्थ्यानें मला लिहिलें, "मास्तर, मी इथला परका, आणि माझी बायको आली. तो इथला घरचा, आणि त्याची बायको येऊं शकत नाहीं. हें गणित कसें सोडवायचें?"

हें गणित इतिहासावांचून सुटत नाहीं, असें माझ्या ध्यानीं आलें. तें सोडवितां सोडवितां जें हातीं लागलें, तें आज सांगतों.

प्रथम जुना काळ पाहूं. जुना कायदा सोपा होता. १८०४ सालीं फ्रान्सांत जो दिवाणी कायदा झाला, ज्याला नेपोलियनची संहिता म्हणतात, त्यानें असें ठरविलें कीं, राष्ट्रीयत्वाच्या बाबतींत बायको नवऱ्याच्या मागून जाते. परदेशी स्त्रीनें फ्रेंच पुरुषाशीं लग्न केलें, कीं ती फ्रेंच होई. फ्रेंच स्त्रीनें परदेशी पुरुषाशीं केलें, कीं ती परकी होई. ब्रिटनमध्यें १८७० च्या कायद्यानें हाच न्याय ब्रिटिश स्त्रियांना लागू झाला. एका घरांत दोन राष्ट्रें नांदूं द्यावयाचीं नाहींत, असा या कायद्यांचा बाणा होता. त्यांत सोय होती खरी. पण ती स्त्रीच्या पदरचें राष्ट्र काढून घेऊन केलेली सोय होती. १९१४ चें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां जर्मन पुरुषांशीं लग्न केलेल्या इंग्रज स्त्रियांना आपल्याच गांवांत शत्रुराष्ट्राच्या प्रजा म्हणून पोलिसांकडे नोंद करावी लागली. ब्रिटनमध्यें ही रीत बंद पडली ती १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानें, १ जानेवारी १९४९ पासून. पुढें १९५७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें विवाहित स्त्रियांच्या राष्ट्रीयत्वाविषयीं एक करार केला, आणि लग्नामुळें स्त्रीचें राष्ट्रीयत्व आपोआप बदलूं नये, हें तत्त्व त्यांत घातलें.

त्या पहिल्या महायुद्धानें आणखीहि एक गोष्ट केली. १९१४ पूर्वीं पश्चिम युरोपांत बहुतेक ठिकाणीं पासपोर्टावांचून हिंडतां येत असे. रशिया आणि तुर्कस्तान यांच्या सरहद्दीवर तेवढी त्याची निकड पडे. युद्धांत हेरांच्या भयानें पासपोर्ट आला, आणि युद्ध संपलें तरी तो गेला नाहीं. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें पॅरिसला परिषद भरली, आणि पासपोर्टाचा नमुना कसा असावा, याची तिनें चर्चा केली.

अशा रीतीनें विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन गोष्टी एकत्र आल्या. पत्नी आपलें स्वतःचें राष्ट्र राखूं लागली, हें चांगलेंच झालें. पण त्याच वेळीं प्रत्येक सरहद्दीवर पासपोर्ट पाहणारा माणूस कायमचा उभा राहिला. एका घरांत दोन राष्ट्रें नांदूं लागलीं, आणि दोघांपैकीं एकाला दारांत अडविण्याची सोयहि झाली. आपला प्रश्न जन्मला तो येथें.

आतां रोमकडे वळूं. २५ मार्च १९५७ रोजीं बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, लक्झेंबर्ग आणि नेदरलंड्स या सहा राष्ट्रांनीं त्या नगरींत एका तहावर सह्या केल्या. त्या तहाचें लक्ष्य संसार हें नव्हतें. बाजारपेठ हें होतें. माल, भांडवल आणि मजूर यांना या सहा देशांत मोकळी वाट असावी, असा त्याचा हेतु. त्या काळीं हजारों इटालियन मजूर बेल्जियमच्या कोळशाच्या खाणींत राबत. ८ ऑगस्ट १९५६ रोजीं मार्सिनेल येथील खाणींत आग लागून २६२ माणसें मेलीं. त्यांपैकीं १३६ जण इटालियन होते. मजूर म्हणजे केवळ दोन हात नव्हेत, त्या हातांच्या मागें घर असतें, हें कायदा करणारांनीं हळूहळू ओळखलें. बायकोमुलें मागें टाकावीं लागत असतील, तर माणूस परमुलुखांत जाण्यास कचरतो, आणि गेला तरी तेथें रुजत नाहीं. म्हणून १५ ऑक्टोबर १९६८ रोजीं जी नियमावली झाली, तींत असें लिहिलें गेलें कीं, एका सभासद राष्ट्राचा नागरिक दुसऱ्या सभासद राष्ट्रांत नोकरीस गेला, तर त्याची पत्नी किंवा तिचा पति, एकवीस वर्षांखालील मुलें, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले आईबाप यांना त्या मजुरापाशीं राहतां येईल. मग त्यांचें राष्ट्रीयत्व कोणतेंहि असो.

या शेवटच्या चार शब्दांकडे श्रोत्यांनीं लक्ष द्यावें. इटालियन गवंडी जर्मनींत गेला आणि त्याची बायको ब्राझीलची असली, तरी ती त्याच्याबरोबर राहूं शके. तिचें कातडें, तिची भाषा, तिचा पासपोर्ट यांची चौकशी गौण झाली. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारांत ही मोठीच पायरी होय.

पण हा हक्क कोणाचा? येथें थोडें थांबावयास हवें. तो बायकोचा नव्हे, तो मजुराचा. तिचा हक्क म्हणजे त्याच्या हक्काच्या आधारानें चढलेली वेल. आणि त्याचा हक्क तरी कशांतून निघाला? लग्नांतून नव्हे, नागरिकत्वांतूनहि नव्हे. सीमा ओलांडून कामाला जाण्यांतून तो निघाला. ज्यानें सीमा ओलांडली नाहीं, त्याच्यापाशीं हें झाडच नाहीं. मग वेल चढणार कशावर?

ही गोष्ट १९८२ सालीं उघडी पडली. सूरीनाम ही एके काळची डच वसाहत. तेथील दोन आयांना नेदरलंड्समध्यें आपल्या मुलांपाशीं राहावयाचें होतें. मुलें डच नागरिक होतीं, आणि नेदरलंड्समध्येंच काम करीत होतीं. २७ ऑक्टोबर १९८२ रोजीं लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें निकाल दिला कीं, या मुलांनीं दुसऱ्या सभासद राष्ट्रांत काम करण्याचा हक्क कधीं बजावलाच नाहीं; सबब हा त्या देशाचा घरगुती मामला आहे, आणि युरोपचा कायदा तेथें पोहोंचत नाहीं. जर्मन माणूस तेथें नोकरीला आला, तर त्याच्यावर अवलंबून असलेली आई त्याच्याजवळ येऊं शके. डच माणसाला तोच आधार नव्हता. माझ्या विद्यार्थ्याला स्विंडनला जें कोडें पडलें, तें असें तीस वर्षांपूर्वींच न्यायालयाच्या दप्तरांत नोंदलेलें होतें. तेथें तें आयांच्या बाबतींत पडलें होतें. पति-पत्नींना लागू होणारें तत्त्वहि तेंच.

मग मानवी हक्कांचें काय, असें कोणी विचारील. त्या हक्कांचें न्यायालय निराळें. तें स्ट्रासबर्गला आहे. २८ मे १९८५ रोजीं तेथें ब्रिटनविरुद्ध तीन स्त्रियांनीं केलेल्या फिर्यादींचा निकाल लागला. तिघीहि ब्रिटनमध्यें कायद्यानें स्थायिक झालेल्या होत्या, आणि तिघींच्याहि परदेशी नवऱ्यांना तेथें राहण्याची परवानगी नाकारलेली होती. पुरुषाला आपली बायको आणणें त्या वेळच्या नियमांनीं सोपें होतें. स्त्रीला नवरा आणणें अवघड होतें. न्यायालयानें दोन गोष्टी सांगितल्या. नवराबायकोंनीं संसारासाठीं जो देश निवडला, त्यांत त्यांना घेतलेंच पाहिजे, असें सरसकट बंधन सरकारावर नाहीं. परंतु स्त्री आणि पुरुष यांत असा भेद करणें मात्र अन्याय आहे. ब्रिटिश सरकारनें निकाल मानला, आणि त्याच वर्षीं भेद काढून टाकला. तो कसा काढला? नवऱ्यांसाठीं असलेल्या अटी सैल करून नव्हे, तर बायकांनाहि त्याच अटी लावून. दोन मुलांपैकीं एकाला खाऊ मिळाला नाहीं, म्हणून तक्रार करावी, आणि गुरुजींनीं दुसऱ्याच्या हातांतलाहि काढून घ्यावा, त्यांतलाच हा प्रकार झाला.

अशा वेळीं एका भारतीयाचा खटला उभा राहिला, आणि त्याचें नांव युरोपच्या कायद्यांत कायमचें राहिलें. सुरिंदर सिंग हें तें नांव. त्यांनीं १९८२ सालीं ब्रॅडफर्ड येथें एका ब्रिटिश नागरिक स्त्रीशीं लग्न केलें. १९८३ पासून १९८५ पर्यंत दोघांनींहि जर्मनींत नोकरी केली, आणि १९८५ च्या अखेरीस ब्रिटनमध्यें परत येऊन धंदा सुरू केला. पुढें घटस्फोटाची कारवाई निघाली, आणि सरकारनें सिंग यांना देशाबाहेर घालविण्याचें ठरविलें. सरकारचें म्हणणें असें कीं, ब्रिटिश स्त्री ब्रिटनमध्यें परत आली. आतां तिच्या नवऱ्याचा प्रश्न ब्रिटनच्या घरच्या कायद्याचा. ७ जुलै १९९२ रोजीं लक्झेंबर्गच्या न्यायालयानें हें म्हणणें अमान्य केलें. न्यायालयाचा युक्तिवाद साधा होता. परत येतांना आपल्या जोडीदाराला परमुलुखांत मिळत होते तेवढे तरी हक्क मायदेशीं मिळणार नसतील, तर माणूस मुळांत घराबाहेर पाऊलच टाकणार नाहीं. आणि बाहेर पडण्याची मोकळीक हाच तर त्या तहाचा पाया. म्हणून जो बाहेर जाऊन, काम करून परत आला, तो आपल्या घरींहि निदान बाहेरच्याइतका मानला जावा.

श्रोतेहो, या निकालानें एक चमत्कारिक स्थिति निर्माण झाली. घरच्या माणसाला घरीं जें मिळत नव्हतें, तें मिळविण्यासाठीं एकदां शेजाऱ्याकडे राहून यावें लागे. ब्रिटिश नागरिक आपल्या परदेशी बायकोला घेऊन आयर्लंडला जात, तेथें काम करीत, आणि मग तिच्यासह परत येत. या वाटेला लोक सुरिंदर सिंग यांची वाट असेंच म्हणूं लागले. पुढें १२ मार्च २०१४ च्या निकालांत न्यायालयानें बजावलें कीं, परदेशांतील हें राहणें खरेंखुरें पाहिजे, आणि तीन महिन्यांहून अधिक पाहिजे. शनिवार-रविवारच्या फेऱ्या मारून काम भागणार नाहीं.

मधल्या काळांत कायदाहि पुढें सरकला होता. मास्ट्रिक्टच्या तहावर १९९२ सालीं सह्या झाल्या, १ नोव्हेंबर १९९३ पासून तो अंमलांत आला, आणि सभासद राष्ट्रांचा प्रत्येक नागरिक हा युरोपीय संघाचाहि नागरिक ठरला. २९ एप्रिल २००४ रोजीं या संघानें एक निर्देश काढला, आणि पूर्वींचे विखुरलेले नियम त्यांत एकत्र केले. त्याचें सार असें. नागरिक दुसऱ्या सभासद राष्ट्रांत गेला, तर त्याच्या परदेशी जोडीदाराला त्याच्याबरोबर किंवा त्याच्यामागून जातां यावें. व्हिसा लागलाच, तर तो फी न घेतां आणि लौकर द्यावा. पहिले तीन महिने विशेष अट नसावी. त्यानंतर नागरिकानें काम करावें, शिकावें, किंवा आपल्या पोटापाण्याची सोय दाखवावी. जोडीदारानें मागितल्यापासून सहा महिन्यांत त्याला निवासाचें कार्ड मिळावें, आणि तें असलें कीं प्रवासांत व्हिसाची अडचण पडूं नये. पांच वर्षें एकत्र राहिल्यावर कायमचा निवास मिळावा. लग्न तीन वर्षें टिकलें असेल, आणि त्यांतलें एक वर्ष त्या देशांत गेलें असेल, तर घटस्फोट झाला म्हणून जोडीदाराला एकदम घालवून देऊं नये. याबरोबरच, केवळ परवान्यासाठीं केलेल्या खोट्या लग्नांना आळा घालण्याचा अधिकारहि सरकारांकडे ठेवला.

या नियमांना छेद देणाऱ्या अटी पुढें न्यायालयानें एकेक करून उडविल्या. जोडीदार आधीं दुसऱ्या सभासद राष्ट्रांत कायदेशीर राहिलेला असावा, ही आयर्लंडची अट २५ जुलै २००८ रोजीं गेली. लग्न कोठें आणि केव्हां झालें, यानेंहि फरक पडत नाहीं, असें ठरलें. ५ जून २०१८ रोजीं रुमानियाच्या एका नागरिकाच्या खटल्यांत, ज्या दोन पुरुषांचें लग्न ब्रुसेल्स येथें कायदेशीर झालें होतें, त्यांतील अमेरिकन जोडीदारालाहि निवासापुरतें जोडीदार मानावें, असा निकाल झाला. कोणतें लग्न आपल्याकडे लावावें, हें प्रत्येक राष्ट्राचें. पण लागलेलें लग्न सीमेवर पुसून टाकूं नये, असा त्याचा भाव.

आतां स्विंडनकडे परत येऊं. माझ्या विद्यार्थ्याला मीं उत्तर लिहिलें: "बाळ, तूं सीमा ओलांडून आलास. ब्रिटनच्या दृष्टीनें तूं पोर्तुगीज, म्हणून तुझ्या बायकोच्या पाठीशीं सबंध युरोपचा कायदा उभा. तुझा मित्र आपल्या गांवींच राहिला, म्हणून त्याच्यापुढें त्याच्या एकट्या सरकारचा कायदा. तुझ्या लग्नाला त्यांनीं मान दिला असें समजूं नकोस. मान दिला तो तुझ्या प्रवासाला."

त्या मित्राला आयर्लंडची वाट ठाऊक नव्हती, असें नाहीं. पण घरीं त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला सोडून वर्ष-सहा महिने डब्लिनला जाऊन राहावें, हें त्याच्यानें होईना. बायकोला आणावयाचें तर आईला सोडावें, आणि आईजवळ राहावें तर बायको मनिलाला, अशा पेंचांत तो तीन वर्षें होता. शेवटीं आई गेली. त्यानंतर त्यानें आयर्लंडचेंहि नांव काढलें नाहीं. सामान विकलें, आणि तो स्वतःच मनिलाला निघून गेला. बायकोला देशांत आणतां येईना, म्हणून त्यानें देश सोडला. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस संक्रमणाचा काळहि संपला. त्यानंतर नव्यानें आयर्लंडला जाणाऱ्या इंग्रजाला सुरिंदर सिंग यांची वाट उरली नाहीं. मिळकतीची अट मात्र ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंडांवर गेली. माझ्या विद्यार्थ्याची बायको त्या तारखेपूर्वींच तेथें राहत असल्यामुळें, वेळेवर अर्ज करून, तिचें राहणें सुरक्षित झालें.

या साऱ्या इतिहासांतून मला जें कळलें, तें एवढेंच. युरोपनें परदेशी जोडीदाराला जो आधार दिला, तो फार मोठा आहे, आणि त्यानें असंख्य संसार सांधले. पण तो संसारासाठीं म्हणून दिलेला नव्हता. बाजारपेठेच्या वाटेनें जातां जातां तो मिळाला. म्हणून जो हिंडूं शकतो, त्याला तो पुरतो. ज्याच्या पायांत म्हाताऱ्या आईची, शेताची, आजारपणाची बेडी आहे, त्याला तो पुरत नाहीं. आणि जो हक्क दुसऱ्या कशाच्या पोटीं जन्मतो, तो त्या दुसऱ्या गोष्टीबरोबर मरूंहि शकतो, हें ब्रिटननें दाखविलें.

गेल्या वर्षीं माझा विद्यार्थी बायकोमुलांसह मला भेटून गेला. आपल्या देशांत दोन नागरिकत्वें एकदम ठेवतां येत नाहींत; पोर्तुगीज झाला, त्याच दिवशीं त्याचें भारतीयत्व संपलें. खिशांतून परदेशस्थ भारतीयाचें कार्ड काढून त्यानें माझ्यापुढें ठेवलें, आणि हंसून म्हणाला, "मास्तर, आतां इथें ती घरची, आणि परदेशी नवरा मी." बायको बाजूला उभी होती. ती म्हणाली, "घाबरूं नका. मी तुम्हांला आंत घेईन."

तिघेंहि हंसलों. पण स्विंडनच्या त्या इंग्रजाची आठवण होऊन माझें हंसणें लौकर थांबलें. त्याच्या घरांतहि तें वाक्य म्हणणारें माणूस होतें. त्याच्या शब्दाला मात्र दारांतल्या अधिकाऱ्यापुढें किंमत नव्हती.